दर्शनी भिंत मी केली

अंकाच्या संपादक बाईंनी लेख मागितला तेव्हा पहिल्यांदा विचारलं, "शालनताई, आजपर्यंत किती घरं बांधलीत?" मी म्हटलं, मोजली नाहीत. त्यांना वाटलं मी लाजतेय. लाजण्याचा प्रश्नच नव्हता. घर एकट्यानं कुणी बांधत नाही आणि माझ्या वाटणीला कधी घराची एकच खोली आली, कधी नुसता जिना. ते कसं मोजायचं? पण एक गोष्ट मी सुरुवातीलाच लिहून ठेवते, कारण पुढं कुणाचा तरी गोंधळ होतो. मी गवंडी आहे. गवंड्याची बायकोही आहे, पण ती वेगळी गोष्ट. बांधकामावर येणारा प्रत्येक नवा माणूस मला विचारतो, "गवंडी कुठाय?" मी थापी हातात धरून त्याच्यासमोर उभी असते.

मी जत तालुक्यातली, कर्नाटकच्या हद्दीजवळची. माझ्या वडिलांची मेंढरं होती. पावसाळा सोडला तर आम्ही वर्षभर मेंढरांमागं चालत असायचो, चार काठ्या रोवून वर घोंगडं टाकलं की ते घर. माझं लग्न होईपर्यंत मी भिंतीला पाठ टेकून कधी बसले नव्हते म्हटलं तरी चालेल. नवरा बिराप्पा सांगलीत गवंडीकाम करायचा. लग्नानंतर आठव्या दिवशी मी त्याच्यासोबत बांधकामावर गेले आणि अकरा वर्षं त्याच्या हाताखाली बिगारी म्हणून राबले. वाळू चाळायची, माल कालवायचा, घमेली वर द्यायची. बिराप्पाला बोलायची सवय. काम करता करता तो स्वतःशीच बोलल्यासारखा सगळं सांगायचा. "इथं माल पातळ झाला तर घसरंल. इथं पट्टी खालनं वर वडायची." त्याला वाटायचं तो स्वतःशी बोलतोय. मी ऐकत होते.

मग तो पडला. विश्रामबागेत एका बंगल्याचं काम चालू होतं. परांचीची एक फळी सरकली आणि बिराप्पा दुसऱ्या मजल्यावरनं खाली वाळूच्या ढिगावर आला. वाळू होती म्हणून जीव वाचला, पण पाठ गेली. दवाखान्यात त्याला ठेवून मी चौथ्या दिवशी कामावर परत गेले, कारण घरी बसून काय करणार होते? ठेकेदार रावसाहेबांनी दुसरा गवंडी सांगून ठेवला होता, तो आला नव्हता. बिगारी बायका सावलीत बसून होत्या. माल कालवलेला होता.

बाहेरच्या माणसाला हे कळत नाही म्हणून सांगते. सिमेंटचा माल एकदा कालवला की तो तुमच्यासाठी थांबत नाही. तासाभरात वापरला नाही तर मरतो. त्यात परत पाणी घालून वापरणारे आहेत, पण ती भिंत पुढं वाळूसारखी झडते. त्या दिवशी माल मरताना मला बघवला नाही. मी बिराप्पाची थापी उचलली, जिन्याखालच्या अडगळीच्या खोलीत गेले आणि भिंत करायला घेतली. आधी भिंतीवर चार ठिकाणी मालाचे छोटे गोळे लावायचे, ओळंबा सोडून ते एका रेषेत आणायचे, मग मधली जागा भरायची आणि पट्टी फिरवून जास्तीचा माल काढायचा. हे सगळं मी अकरा वर्षं पाहिलं होतं. पहिल्यांदा हाताला कळायला वेळ लागला. मनगटातनं माल फेकायचा असतो, मी खांद्यातनं फेकत होते. निम्मा माल माझ्या पायावर पडला.

दुपारी रावसाहेब आले. "ही भिंत कुणी केली?"

"मी."

त्यांनी खिशातनं स्वतःचा ओळंबा काढला, वरनं सोडला. दोरी आणि भिंत यांत किती अंतर आहे ते वर पाहिलं, खाली पाहिलं. परत एकदा पाहिलं. मग दोरी गुंडाळत म्हणाले, "बरी हाय. पण वैनी, घरमालकाला सांगू नका."

पुढची बरीच वर्षं माझं आयुष्य त्या एका वाक्यात गेलं. रावसाहेब वाईट माणूस नव्हते. त्यांनी मला काम दिलं, बिराप्पाच्या औषधपाण्याच्या काळात कधी अडवलं नाही. पण काम कुठलं द्यायचं हे ठरलेलं होतं. अडगळीची खोली, संडास-बाथरूम, मागची भिंत, पाण्याची टाकी. जिथं पाहुणा जात नाही तिथं शालन. दर्शनी बाजू, म्हणजे रस्त्यावरनं दिसणारी, पुरुषांकडं. घरमालक बांधकाम बघायला आला की कुणीतरी खालनं हाक द्यायचं आणि मी थापी ठेवून घमेलं उचलायची. एकदा एक मालक बाथरूमच्या भिंतीवर हात फिरवून म्हणाले, "काय हात आहे हो गवंड्याचा." गवंडी तिथंच उभा होता, त्यांच्यासाठी पाण्याचा तांब्या घेऊन.

त्या वर्षांत मी गप्प बसले याचं मला वाईट वाटतं. तेव्हाच बोलले असते तर काय झालं असतं ते ठाऊक नाही. काम गेलं असतं बहुतेक.

मला पहिल्यांदा गवंडी म्हणून उघड उभं राहता आलं ते शिरवळला, आणि त्याचं कारण मोठं मजेशीर आहे. तिथं घरांना दर्शनी बाजूच नव्हती. हायवेला कारखाने आले, जमिनी गेल्या, आणि उरलेल्या तुकड्यावर प्रत्येकानं खोल्या बांधायला काढल्या. एका रांगेत दहा, दोन रांगांत वीस. दहा बाय दहाची खोली, कोपऱ्यात ओटा, वर पत्रा नाहीतर स्लॅब. राहायला येणार कारखान्यातली माणसं, आज आहेत, उद्या नाहीत. ज्यांच्यासाठी घर बांधायचं ती माणसं घर बघायला कधी येतच नाहीत. त्यामुळं बाईनं बांधलं की बाप्यानं, कुणाला पडलं नव्हतं. रावसाहेबांनी मला तिथं मुख्य गवंडी केलं. चार बायका बिगारी, दोन गडी, आणि मी.

मालक बापू म्हणून होते. साठीचे, धोतर-टोपीवाले, स्वभावानं गोड. त्यांनी मागच्या भिंतीला खिडकी नको म्हणून सांगितलं होतं. पुढं कधी मागं आणखी एक रांग चढवायची, तर भिंत सामायिक राहील असा त्यांचा हिशेब. मी नकाशा पाहिला. पुढं दार, मागं बंद. उन्हाळ्यात त्या खोलीत स्टो पेटवला तर आतला माणूस उकडून निघणार. मी काही न विचारता प्रत्येक खोलीच्या मागच्या भिंतीत, छताच्या खाली, दोन विटांएवढी जागा सोडत गेले.

बापू मोटारसायकलवरनं आले, मागं जाऊन उभे राहिले.

"शालन, ही भोकं कशापायी ठेवलीस?"

"बापू, वारा कुठनं जायचा?"

"दार हाय की."

"दारातनं येतो. जायला वाट नको? तुमी स्वतः आत बसा दुपारी, दार लावून. अर्धा तास बसा. मग म्हणाल ती बुजवते."

बापू खरंच आत बसले. अर्धा तास नाही, पण दहा मिनिटं बसले. बाहेर येऊन टोपीनं तोंड पुसलं आणि म्हणाले, "राहू दे." मला वाटलं जिंकले. दोन वर्षांनी त्याच रस्त्यानं जाताना उतरून पाहिलं, तर मागं नवी रांग चढली होती आणि पहिल्या रांगेतल्या निम्म्याहून जास्त फटी विटांनी बुजवल्या होत्या. कडेच्या खोल्यांच्या तेवढ्या उघड्या होत्या. एका फटीत कुणीतरी चिमणीसाठी नारळाची करवंटी ठेवली होती. मी जे केलं त्यातलं एवढं टिकलं. तरी परत तसंच करीन.

शिरवळनंतर मला आतल्या खोलीत कोंडणं रावसाहेबांना अवघड झालं, पण दर्शनी भिंत त्यांनी आपणहून दिली नाही. ती मिळाली सांगलीत, इनामदार काकूंमुळं.

सांगलीत नदीकडच्या भागात कृष्णेचं पाणी घरात शिरतं, हे काही नवीन नाही. पण अलीकडं लोकांनी घर बांधायची पद्धतच बदलली. पूर्वी नवं घर म्हटलं की लोक विचारायचे, हॉल केवढा? आता विचारतात, जोतं किती? जोतं म्हणजे जमिनीपासून घराच्या फरशीपर्यंतची उंची. काहीजण खालचा मजला मोकळाच सोडतात, गाड्यांसाठी म्हणून. जिना बाहेरनं घेतात. आणि ज्यांची घरं आधीच बांधलेली आहेत, ते घर उचलतात. खरंच उचलतात. हरियाणाकडची टोळी येते, घराच्या पायाखाली शेकडो जॅक लावते, आणि सगळे गडी एका आवाजावर एकेक फेरा फिरवतात. दिवसाला थोडं थोडं करत घर वर येतं. खाली जी पोकळी होते ती आमच्यासारख्यांनी विटांनी भरून काढायची. ते काम आम्हाला मिळालं होतं.

इनामदार काकू तेव्हा ऐंशीच्या पुढं होत्या. यजमान वारलेले, मुलगी कॉलेजात शिकवायची. तीच आता या अंकाचं काम बघते. काकूंचं घर जुन्या पद्धतीचं, बैठं. पुरात त्यांच्या कमरेपर्यंत पाणी आलं होतं आणि नावेतनं बाहेर काढताना त्या बोटवाल्याशी भांडल्या होत्या म्हणतात. घर उचलायच्या पहिल्या दिवशी सगळ्यांनी बाहेर यायचं ठरलं होतं. काकू आल्या नाहीत. मुलीनं समजावलं, टोळीच्या मुकादमानं हिंदीत समजावलं. काकू स्वयंपाकघरात खुर्ची टाकून बसल्या.

शेवटी मला आत पाठवलं. काकूंनी टेबलावर काठोकाठ भरलेला चहाचा कप ठेवला होता.

"काकू, बाहेर चला. भिंतीला तडा गेला तर?"

"तडा जाणार असेल तर त्यांनी घर उचलूच नये. त्यांना सांग, मी हा कप ठेवलाय. एक थेंब जरी सांडला तरी मी ओरडेन आणि त्यांनी तिथंच थांबायचं."

मी बाहेर येऊन मुकादमाला सांगितलं. तो आधी हसला, मग त्यानं आपल्या गड्यांना काहीतरी दटावून सांगितलं. त्या दिवशी त्यांनी जितक्या सावकाशीनं जॅक फिरवले तितक्या सावकाशीनं मी कुणाला काम करताना पाहिलं नाही. संध्याकाळी मी आत गेले तर काकू तो गार चहा पीत होत्या. म्हणाल्या, "बशीत काही नाही. पण खुर्ची जराशी हलली, ते सांग त्यांना."

पुढं खालचं बांधकाम करताना काकू रोज वर ओसरीत बसून पाहायच्या. वाढवलेल्या जोत्याची दर्शनी बाजू करायची वेळ आली तेव्हा रावसाहेबांनी नेहमीप्रमाणं दुसऱ्या गवंड्याला पुढं बोलावलं आणि मला मागं जायला सांगितलं. काकूंनी वरनं विचारलं, "हिला मागं का पाठवता?"

"काकू, पुढचं काम जरा नाजूक असतंय."

"मग नाजूक काम तिला द्या. हा मनुष्य काल माझ्या तुळशीच्या कट्ट्यावर घमेलं आपटून गेलाय."

रावसाहेबांनी मला हात करून पुढं बोलावलं. मी पुढं आले. रस्त्यानं येणारी-जाणारी माणसं थांबून पाहात होती, कुणी काही बोलत होतं. माझं सगळं लक्ष दोरीकडं. ती माझी पहिली दर्शनी भिंत. काकू गेल्या, त्याला आता काही वर्षं झाली. भिंतीला अजून केसाएवढाही तडा नाही. परवा मुद्दाम जाऊन हात लावून आले.

आता जतची गोष्ट. हा लेख मी त्यासाठीच लिहायला घेतलाय.

आमच्या पूर्वेकडच्या दुष्काळी पट्ट्यात शिरवळच्या बरोबर उलटं बांधतात. इथली बरीच माणसं गलाईच्या धंद्यात आहेत, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं काम. त्यासाठी ती देशभर पांगलीत, दक्षिणेत, उत्तरेत, कुठंकुठं. वर्षातनं एकदा जत्रेला येतात. पण घर बांधतात ते गावात, आणि असं बांधतात की हायवेवरनं दिसावं. ज्वारीच्या रानात मध्येच तीन मजली बंगला, गोल खांब, खांबांवर कमळं, गच्चीवर घुमट. घराआधी जमिनीखाली पाण्याची टाकी बांधावी लागते, कारण पाणी टँकरचं.

तसलं एक काम रावसाहेबांनी घेतलं. मुलगा कोइमतूरला धंद्यात, बाप गावात. बापाला सगळे आप्पा म्हणायचे. आयुष्यभर मेंढरं राखलेला माणूस, माझ्या वडिलांसारखाच उंच आणि वाळलेला. बारा खोल्यांचा बंगला. मुलगा फोनवर फोटो पाठवायचा, असे खांब पाहिजेत, अशी कमान पाहिजे. ते नक्षीचं काम करणारा आमच्यात कुणी नव्हता. मी सांगलीच्या एका देवळात खांब करताना पाहिले होते, घरी बिराप्पाशी बोलून कसं करायचं ते ठरवलं. त्याची पाठ गेली होती, डोळे शाबूत होते. तो जमिनीवर कोळशानं आकृती काढून दाखवायचा. रावसाहेबांकडं दुसरा इलाज नव्हता. दर्शनी बाजू मला मिळाली, सबंध.

पहिल्या दिवशी मी परांचीवर चढले. खाली लिंबाखाली बाज टाकून आप्पा बसले होते.

"ए बाय, खाली उतर. दाराच्या चौकटीवर बाय चढत न्हाई आमच्यात."

माझ्या हातात घमेलं होतं. मी म्हटलं, "आप्पा, माल कालवलाय. तासाभरात संपवला न्हाई तर मरंल. त्यात तुमचं टँकरचं पाणी हाय. तेवढा संपवते, मग उतरते आन् आपण बोलू."

पाण्याचं नाव काढल्यावर त्यांनी मान फिरवली. तासाभरानं मी उतरले तेव्हा ते बाजेवर नव्हते. दुसऱ्या दिवशी परत येऊन बसले, पण उतर म्हणाले नाहीत. असे दोन महिने. मी वर, आप्पा खाली. भिंतीला पाणी मारताना एवढंच म्हणायचे, "भिंतीला पाजतीस, मेंढरं बघायल्यात." मी म्हणायची, "भिंत प्याली न्हाई तर फुटंल आप्पा." खांबांवरची कमळं करताना मात्र ते बाज सरकवून उन्हात आणायचे, जवळनं दिसावं म्हणून.

वास्तुशांतीला मुलगा कोइमतूरहून आला, पाहुणे दोन गाड्या भरून आले. मांडव टाकला होता. आमच्याकडं रीत आहे. घर पुरं झालं की यजमान गवंडी-सुताराला चार माणसांत पुढं बोलावतो, फेटा बांधतो, नारळ देतो. कामाचे पैसे वेगळे, तो मान वेगळा. ज्यांनी घर बांधलं ते हे, असं गावाला दाखवायचं असतं. मी नवं लुगडं नेसून गेले होते. माझ्यासोबत दोन बिगारी बायका, सखू आणि कस्तुरा.

"गवंडी मंडळींनी पुढं यावं," असं पुकारलं. रावसाहेब उठले, मागची बाथरूमं केलेले दोघे गवंडी उठले, सुतार उठला. मी उठले. सगळ्यांना फेटे बांधून झाले. माझ्यापुढं येऊन आप्पा थांबले आणि म्हणाले, "बायकांच्या ओट्या आत भरायल्यात. आत जा."

मी म्हटलं, "आप्पा, ओटी मी घेते की. ती बाईची. पण हितं मी गवंडी म्हणून आलेय. दर्शनी भिंत मी केली. दोन महिने तुमी स्वतः समोर बसून बघितलंय."

"बाईला फेटा कुणी बांधला न्हाई अजून."

"बाईनं तुमची भिंत तरी कुठं बांधली होती अजून?"

मुलगा आपल्या बुटाकडं पाहात होता. रावसाहेब माझ्या कानाशी येऊन म्हणाले, "वैनी, शुभकार्यात तमाशा नको." मागच्या दोघांपैकी दत्तू नावाचा गवंडी होता, त्यानं डोक्यावरचा फेटा काढून माझ्यापुढं धरला. चांगला पोरगा. मी म्हटलं, "दत्तू, तो तुझाय. तू बाथरूमं केलीस त्याचा. माझा ह्यांनी द्यायचाय." आणि थांबले. आप्पा पाहुण्यांकडं वळले.

मी चपला घातल्या आणि निघाले. सखू आणि कस्तुरा न बोलता माझ्या मागं आल्या. फाट्यावर एसटीची वाट बघत बसलो तेव्हा कस्तुरा म्हणाली, "ताई, बुंदीचा वास लय चांगला येत हुता. जेवून रागावलो असतो तर न्हाई का चाललं असतं?" तिघीही हसलो, पण ते मला अजून लागतं. राग माझा होता, उपाशी त्या राहिल्या. घरी बिराप्पाला सांगितलं. तो म्हणाला, "पहिल्यांदा तुला भिंत करताना बघितलं असतं तर मी तवाच बांधला असता. मी दवाखान्यात हुतो."

रावसाहेबांनी परत बोलावलं नाही. सहा-सात महिने कुणीच बोलावलं नाही. बोलभांड बाई म्हणून नाव झालं. मग मी जतकडंच लहान कामं धरली. घरकुलं, टाक्या, शाळेची कंपाउंड भिंत. सखू-कस्तुराला थापी धरायला शिकवली. आता आमची सात बायकांची टोळी आहे. दर्शनी बाजूला आणि मागच्या बाजूला वेगवेगळे हात आम्ही ठेवत नाही, जिची पाळी ती करते.

गेल्या वर्षी आप्पांचा फोन आला. स्वतः केलेला. बंगल्यात मागच्या बाजूला ओल आलीय, येशील का? बिराप्पा म्हणाला जाऊ नको. मी गेले. खरं सांगायचं तर मला माझी भिंत बघायची होती.

भिंत चांगली होती. रंग उडाला होता, कमळं जशीच्या तशी. बंगला मात्र कुलपात होता. बारा खोल्यांपैकी खालची एक उघडी, तिच्यात आप्पा, त्यांची बाज आणि एक स्टो. मुलगा जत्रेलाही आला नव्हता दोन वर्षं. मागच्या बाथरूमचा पाइप फुटून पाणी भिंतीत मुरत होतं. आम्ही दोन दिवसांत काम केलं. आप्पा थकले होते, बाज उचलत नव्हती, तरी मागं येऊन भिंतीला टेकून उभे राहायचे.

दुसऱ्या दिवशी हात धुऊन निघताना त्यांनी मला आत बोलावलं. पेटी उघडली, भगवा फेटा काढला. घडी न मोडलेला, नवा.

"ध्यानात हुतं माझ्या," ते म्हणाले. "घे. बांध म्हणलीस तर बांधतो."

खोलीत आम्ही दोघंच. मला त्यांची दया आली, आणि हातही पुढं झाला होता. मग मी तो मागं घेतला.

"आप्पा, तवा मांडवात दोनशे माणूस हुतं. त्यांच्यासमोर न्हाई म्हणालात. हितं कोण बघतंय?"

"मग काय करू आता? ती माणसं कुठनं आणू?"

"माणसं नका आणू. गावात कुणी इचारलं, ही दर्शनी भिंत कुणी केली, तर माझं नाव सांगा. रावसाहेबांचं सांगू नका."

त्यांनी फेटा परत पेटीत ठेवला. रागावले की नाही ते कळलं नाही. मी चहा घेतला आणि निघाले. वाटेत कस्तुरा म्हणाली, म्हाताऱ्या माणसाचं मन मोडलंस. मोडलं असेल. कधी कधी वाटतं घ्यायला हवा होता. पण घेतला असता तर मांडवातलं ते खरं ठरलं असतं, की बाईला मान द्यायचा तो दार लावून.

महिन्याभरानं त्याच गावातनं एका अनोळखी माणसाचा फोन आला. आवाज तरुण होता.

"शालनताई का? आमचं जोतं झालंय. आप्पांनी पारावर बसून सगळ्यांदेखत सांगितलं, त्यांच्या बंगल्याची पुढची बाजू तुमी केली म्हणून. आमची बी तुमीच करायची. कवा येता?"

मी म्हटलं, "येते. पण एक आत्ताच ठरवून घ्या. वास्तुशांतीला माझ्या टोळीतल्या साती जणी गवंडी म्हणून पुढं बसणार. आत न्हाई. जमत असंल तर सांगा."

मागं कुणी बाई त्याला काहीतरी म्हणाली, ते नीट ऐकू आलं नाही. मग तो म्हणाला, "जमतंय. आई म्हणती या."

ते काम आता चालू आहे. विटा वरपर्यंत आल्यात, आतल्या भिंती झाल्या. हा लेख मी तिथंच, दुपारच्या सुट्टीत, सिमेंटच्या रिकाम्या पोत्यावर बसून लिहितेय. सोमवारी दर्शनी भिंतीला हात घालायचा आहे. या खेपेला पाळी कस्तुराची.